पंप रूम सहा अंशांनी तापली, तर तपास कुठून सुरू करायचा?

खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न आला आहे. बेळगावात मेकॅनिकलची पदवी घेऊन तो सध्या राज्याबाहेरच्या एका जड पाण्याच्या अणुभट्टीवर मेंटेनन्सला आहे. त्याचं म्हणणं असं: "काका, गेल्या शटडाउननंतर युनिट वर आलं तेव्हापासून प्रायमरी पंप रूम ४६ च्या जागी ५२ अंश दाखवते आहे. स्टँडबाय कूलरही लावून झाले. कंट्रोल रूमवाले म्हणतात, एप्रिल आहे, पावसाळ्यात उतरेल. आमचे साहेब म्हणतात, चिल्लर (पाणी आणखी थंड करणारं यंत्र) आणून जोडू. मला दोन्ही पटत नाही, पण त्याऐवजी काय सुचवावं तेही कळत नाही. आणि घरी आई विचारते, रिअ‍ॅक्टर तापलाय म्हणजे काय रे झालंय?"

आईला आधी उत्तर दे, ते सोपं आहे. रिअ‍ॅक्टर तापलेला नाही. २२० मेगावॉटच्या आपल्या जड पाण्याच्या भट्टीत प्रायमरीचं, म्हणजे इंधनाची उष्णता उचलून नेणारं, पाणी सुमारे २४९ अंशांनी आत जातं आणि २९३ अंशांनी बाहेर येतं. ते रोजचंच आहे. तापली आहे ती त्या पाइपांच्या भोवतालच्या खोलीतली हवा. इंधन थंड ठेवणारी यंत्रणा वेगळी आणि खोलीची हवा थंड ठेवणारे कूलर वेगळे. त्यामुळे आईने झोप उडवून घेण्याचं कारण नाही. तू मात्र थोडी उडवून घे, कारण सहा अंश आपोआप वाढत नाहीत.

आता तुझा प्रश्न. तुझ्याकडे दोन मतं आहेत, "ऊन आहे" आणि "कूलर कमी पडतात". दोन्ही मतं खोलीतल्या थर्मामीटरकडे बघून बनलेली आहेत. त्या थर्मामीटरवरून एवढंच कळतं की खोली गरम आहे. खोलीत उष्णता जास्त येते आहे, की आलेली उष्णता बाहेर जायला अडते आहे, हे त्यावरून कळत नाही. हे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांची दुरुस्ती वेगवेगळ्या टोकांना आहे. ते ओळखण्याची जागा म्हणजे कूलरमध्ये जाणारं आणि कूलरमधून येणारं पाणी.

खोलीचं तापमान ५२ वर स्थिरावलं आहे, याचा अर्थ जेवढी उष्णता येते तेवढीच बाहेर जाते आहे. ती बहुतांश कूलरच्या पाण्यातून जाते. म्हणून सगळ्या कूलरचा पाण्याचा प्रवाह आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक घे. एक लिटर पाणी सेकंदाला एक अंशाने तापतं तेव्हा ४.१८ किलोवॉट उष्णता उचललेली असते. समजा शटडाउनच्या आधी एकूण प्रवाह सेकंदाला ८ लिटर होता आणि फरक ५ अंश, तर कूलर १६७ किलोवॉट काढत होते. आजही तेवढाच प्रवाह आणि तेवढाच फरक असेल, तर खोलीत येणारी उष्णता वाढलेलीच नाही. कूलर दुबळे झालेत, आणि तीच उष्णता पाण्यात ढकलायला हवेला आता जास्त तापावं लागतंय. पण फरक ६.६ वर गेला असेल, तर कूलर २२० किलोवॉट काढताहेत. बिचारे पूर्वीपेक्षा जास्त राबताहेत आणि शिव्याही त्यांनाच बसताहेत. अशा वेळी खोलीत ५० किलोवॉटहून जास्त उष्णता नव्याने कुठून तरी येते आहे आणि ती जागा शोधायची आहे.

तुझ्याकडे स्टँडबायही चालू आहेत आणि तरीही सहा अंश वर आहे, हे ध्यानात ठेव. स्टँडबाय बंद असते तर आकडा आणखी वर गेला असता. दुखणं दिसतं त्यापेक्षा मोठं आहे.

हा हिशोब कागदावर सोपा आहे, पण प्रत्यक्षात तिथेच बहुतेकांचा पाय घसरतो. कूलरच्या लाइनवर बसवलेले थर्मामीटर अंश-दीड अंश इकडेतिकडे दाखवतात. एक अर्धा अंश वर आणि दुसरा अर्धा अंश खाली दाखवत असेल, तर पाच अंशांच्या फरकात एक अंशाची चूक झाली, म्हणजे तुझ्या किलोवॉटमध्ये २० टक्क्यांची. त्यावर उपाय जुना आहे: कॅलिब्रेट केलेले दोन प्रोब घे, एक आत जाणाऱ्या पाइपवर आणि एक बाहेर येणाऱ्या पाइपवर बांध, वर कापड गुंडाळ, अर्ध्या तासाने वाच. मग दोन्ही प्रोब आपापसात बदल आणि पुन्हा वाच. दोन्ही फरकांची सरासरी काढली की प्रोबमधली खोट आपोआप कटते. प्रवाह पंपाच्या नेमप्लेटवरून कधीही धरू नकोस. बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर स्टेशनात कुणाकडे तरी असतोच, तो माग. लाइन रिअ‍ॅक्टर बिल्डिंगच्या बाहेर जिथे हाताला लागते तिथेच ही मापं घ्यायची, म्हणजे रेडिएशनचा डोस नाही आणि प्लॅस्टिकचा सूटही नाही.

मात्र त्याही आधी पंप रूममधल्या सेन्सरचीच उलटतपासणी कर. हे काम तासाभराचं आहे, पण आळसाने राहून जातं. पीटी-१०० आरटीडीचा, म्हणजे विजेच्या रोधावरून तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा, रोध एका अंशाला ०.३८५ ओहमने वाढतो. एखादा टर्मिनल स्क्रू सैल राहून एका वायरीत दोन ओहम जादा आले, तर बिचारा आरटीडी पाच अंश जास्त सांगतो. शटडाउनमध्ये इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी जंक्शन बॉक्स उघडले होते का ते विचार. सेन्सर काढून परत लावताना हातभर सरकून गरम पाइपसमोर आला का, तेही बघ. उघड्या पाइपसमोरचा सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, त्या पाइपाचं ऊन सांगतो. त्याच खोलीतले बाकीचे सेन्सर आणि रिटर्न डक्टमधली हवा, हे दोन साक्षीदार आहेत. एकच सेन्सर सहा अंश वर आणि बाकीचे जागच्या जागी असतील, तर इन्स्ट्रुमेंट सेक्शनला फोन कर आणि बाकीचं वाचायची गरज नाही. सगळेच वर असतील तर पुढे चल.

"एप्रिल आहे" या मताचाही एकदाच निकाल लावून टाक, नाहीतर ते जूनपर्यंत ऐकावं लागेल. ऊन रिअ‍ॅक्टर बिल्डिंगच्या आत शिरत नाही. बाहेर जाड काँक्रीटची भिंत, मध्ये पोकळी, आत पूर्वताणित काँक्रीटची दुसरी भिंत. उन्हाळा आत येतो तो पाण्यातून. आपल्याकडे कैगा अणुकेंद्राला काळी नदीवरच्या कद्रा जलाशयाचं पाणी मिळतं, तुमच्याकडे आणखी कुठलं असेल, पण पाणी मार्चपासून चढत जातं आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर उतरतं. म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांचं पंप रूमचं तापमान तारखेसमोर मांडू नकोस, कूलरमध्ये येणाऱ्या पाण्याच्या तापमानासमोर मांड. पाणी दीड अंशाने वाढलं तर खोली साधारण दीड अंशाने वाढते. सहाने नाही. असा आलेख समोर ठेवला की "पाणीच गरम येऊलालंय की" म्हणणाऱ्यालाही दिसतं की पाण्याच्या वाट्याचे दीड अंश वजा करून साडेचार उरतात.

त्याच आलेखावर वाढीचा आकार बघ. युनिट वर आल्या दिवसापासून एकदम पायरी चढली असेल, तर शटडाउनमध्ये कुणी तरी काहीतरी काढलं, उघडलं किंवा उलट बसवलं आहे. महिनोन्महिने हळूहळू चढ असेल, तर मळ. कधी वर कधी खाली असेल, तर डँपर (डक्टमधली हवेची झडप), व्हॉल्व्ह किंवा गळती. तुझ्या वर्णनावरून पायरी दिसते, म्हणून शटडाउनची जॉब लिस्ट काढून पंप रूममध्ये ज्यांनी ज्यांनी हात घातला त्यांची यादी कर. निम्मा तपास तिथेच होतो.

आता समजा पाण्याच्या हिशोबात उष्णता तेवढीच निघाली. मग कूलर. इथे बहुतेक जण कॉइलच्या, म्हणजे कूलरमधल्या पाण्याच्या नळ्यांच्या, आतल्या गाळाला दोष देतात आणि केमिकल क्लीनिंगची फाइल हलवतात. पण प्रोसेस वॉटर, म्हणजे कूलरमधून फिरणारं पाणी, बंद चक्रातलं आणि खनिजमुक्त असेल तर नळ्यांत गाळ साचत नाही. गाळ साचला तर तो नदीचं पाणी ज्या हीट एक्स्चेंजरमधून जातं तिथे साचतो, आणि तसं असेल तर कूलरला येणारं पाणीच गरम दिसेल. कॉइलची खरी दुखणी हवेच्या बाजूला असतात. शटडाउनमध्ये लॅगिंग, म्हणजे पाइपांवरचं उष्णता अडवणारं आवरण, फाडलं, ग्लास वुलचे तंतू उडाले, आणि फॅन चालूच होता. ते सगळे तंतू कॉइलच्या फिन्सवर (पातळ पत्र्यांवर) जाऊन गोधडीसारखे बसले. कॉइलच्या अलीकडचा आणि पलीकडचा हवेचा दाब मोजला की हे कळतं. पाण्याच्या बाजूला बघायचंच असेल तर दोन गोष्टी बघ: कॉइलच्या वरच्या टोकाची व्हेंट उघडून हवा काढली होती का, आणि आयसोलेशन व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का. शटडाउननंतर एखाद्या उत्साही माणसाने एका कूलरचा थ्रॉटल व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की शेजारचे दोन तहानलेले राहतात.

आणि फॅनची दिशा बघ. हे मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण याने मोठमोठे तपास महिनाभर भटकले आहेत. मोटर दुरुस्तीला गेली, परत आली, जोडताना तीनपैकी दोन फेज अदलाबदल झाल्या. फॅन उलटा फिरतो. अ‍ॅक्सियल फॅन असेल तर हवा उलटीकडे जाते आणि कुणाच्या तरी लक्षात येतं. सेंट्रिफ्यूगल फॅनमध्ये गंमत अशी की उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने येते, फक्त बरीच कमी. डक्टसमोर हात धरला तर वारा लागतो. पॅनलवर हिरवा दिवा आहे, मोटर चालू आहे, कंप नाही, आवाज नाही. कागदोपत्री कूलर उपलब्ध. मोटरचा करंट मात्र जुन्या नोंदींपेक्षा वेगळा दिसतो. तो करंट इलेक्ट्रिकलच्या पॅनलवर बाहेर बसून वाचता येतो, आत जायला नको. म्हणून सगळ्या फॅनचे करंट शटडाउनच्या आधीच्या आकड्यांशेजारी लिही. एखादा वेगळा दिसला की फेज सीक्वेन्स तपासायला सांग. करंट कमी दिसण्याची इतर कारणंही त्याच कुटुंबातली आहेत: सुटलेला पट्टा, अर्धवट बंद डँपर, गच्च झालेली कॉइल. आणि एक उलट कारण, प्लेनमचा (फॅनला जोडलेल्या हवेच्या पेटीचा) तपासणी दरवाजा उघडा राहिलेला. मग फॅन स्वतःचीच थंड हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो आणि खोलीला काही मिळत नाही.

दुसरी शक्यता, म्हणजे उष्णताच वाढलेली. तुझ्या पायरीवरून माझा कल इकडे आहे, आणि पहिला संशय लॅगिंगवर. २९० अंशांच्या उघड्या पाइपाचा एक चौरस मीटर पृष्ठभाग ४५ अंशांच्या खोलीत पाच-सहा किलोवॉट उष्णता फेकतो. त्याच पाइपावर नीट लॅगिंग असेल आणि वरचा पत्रा ६० अंशांवर असेल, तर तोच चौरस मीटर दीडशे वॉटच्या आसपास देतो. म्हणजे उघडा राहिलेला एक मीटर हा झाकलेल्या ३५-४० मीटरच्या बरोबरीचा. वर काढलेले ५० किलोवॉट भरायला नऊ-दहा चौरस मीटर उघडे पुरतात. वेल्डची तपासणी, बॉयलरचे मॅनहोल, व्हॉल्व्हची पॅकिंग, यांसाठी शटडाउनमध्ये किती ठिकाणी लॅगिंगचे पॅड काढले होते ते मोजलंस तर हा आकडा अशक्य वाटणार नाही.

पूर्ण उघडा भाग डोळ्यांना दिसतो. न दिसणारी गोष्ट म्हणजे फट. उभ्या पाइपावर पॅड नीट न मिळता खाली बोटभर आणि वर बोटभर फट राहिली, तर लॅगिंगच्या आत धुराडं तयार होतं. खालून हवा शिरते, पाइपाला घासत तापते आणि वरून बाहेर पडते. बाहेरून सगळं झाकलेलं, पत्रा चकचकीत, क्लिपाही लागलेल्या. कंत्राटदाराच्या बिलात "पुन्हा बसवले" असं लिहिलेलं. फट शोधायला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, पण तो पत्र्यावर फसवतो, कारण चकचकीत धातू स्वतःचं तापमान न दाखवता समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब दाखवतो. पत्र्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून तो वाचायचा, किंवा सरळ सांध्यांकडे बघायचं.

पण हे बघायला आत जायचं कधी? पॉवरवर असताना त्या खोल्यांमध्ये तू जाणार नाहीस आणि तुला कुणी जाऊही देणार नाही. यासाठी सर्वांत चांगली वेळ म्हणजे सिस्टिम गरम आहे पण भट्टी बंद आहे तो मधला काळ, युनिट उतरताना किंवा वर येताना. पाइप गरम, रेडिएशन बरंच उतरलेलं. एरवी हा काळ सगळे घाईत उरकतात, कारण ग्रिडला युनिट हवं असतं. तरी त्यातले दोन तास लॅगिंगच्या फेरीसाठी प्रोग्रॅममध्ये लिहून घे, तोंडी ठरवलेलं त्या गडबडीत राहत नाही. आणि फट राहिली की किती काळ राहते तेही सांगून ठेव: कैग्याचं पहिलं युनिट ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चाललं होतं. चांगलं चालणाऱ्या युनिटात शटडाउनमधली हयगय अडीच वर्षं आत बसून राहू शकते.

तोवर आतली माहिती हवी असेल तर रंग बदलणारी तापमानपट्टी वापर. विशिष्ट तापमान ओलांडलं की तिचा चौकोन काळा होतो आणि काळाच राहतो. एखाद्या छोट्या शटडाउनमध्ये केबल ट्रे, ट्रान्समीटरच्या पेट्या, काँक्रीटचे कोपरे इथे पट्ट्या चिकटवून ये. पुढच्या वेळी वाचल्या की उष्णतेचा नकाशा तयार. बॅटरी नाही, रेडिएशनने बिघडणारं इलेक्ट्रॉनिक काही नाही. पट्टी मात्र रीतसर नोंदवून लाव, आत राहिलेली प्रत्येक सुटी वस्तू कुणाच्या तरी हिशोबात असायला हवी.

लॅगिंगशिवाय पंपाच्या मोटरचा स्वतःचा कूलर तपास. त्याचं पाणी कमी झालं तर मोटरची उष्णता खोलीत येते. व्हॉल्व्ह सीटमधून गळत असेल तर एरवी थंड असणारी लाइन गरम होते. हे दोन्ही लवकर उरकतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. उष्णता कोरडी आहे की ओली? लॅगिंगची उष्णता कोरडी असते. गळतीची ओली. २९३ अंशांचं पाणी बारीक छिद्रातून खोलीत आलं की त्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग लगेच वाफ होतो. म्हणून कूलरच्या ड्रेनकडे बघ, आणि त्याहीपेक्षा जड पाण्याची वाफ पकडणाऱ्या ड्रायरमधून रोज किती पाणी निघतं त्या नोंदींकडे बघ. ड्रेनमधून तासाला १० लिटर पाणी येत असेल तर नुसत्या घनीभवनाने कूलरवर जवळपास ७ किलोवॉटचा भार पडला. कोरड्या ठेवलेल्या खोलीत कॉइलवर पाणी सुटणं ही मुळातच तक्रार समजायची.

ते पाणी लॅबला पाठव आणि दोन गोष्टी माग: जड पाण्याचं प्रमाण आणि ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन). जड पाणी नाहीच, ट्रिटियम नगण्य आणि हायड्राझिन किंवा अमोनियाचा अंश आहे, तर बॉयलरच्या बाजूचं पाणी. जड पाणी आहे आणि ट्रिटियम प्रायमरीच्या पातळीला जुळतं, तर प्रायमरी. ट्रिटियम त्याच्या कितीतरी पट असेल तर मॉडरेटर, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं जड पाणी, कारण मॉडरेटरचं पाणी कायम न्यूट्रॉनच्या माऱ्यात असतं आणि त्यात ट्रिटियम फार जास्त साठतो. साधं प्रोसेस वॉटर असेल तर कॉइलच गळते आहे. एका बाटलीभर पाण्यात एवढी माहिती असते, आणि ते पाणी आपोआप संपच्या खड्ड्यात वाहून जात असतं.

ओल्या उष्णतेकडे काणाडोळा केला की काय होतं त्याचं उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डेव्हिस-बेसी अणुकेंद्राचं आहे. तिथल्या भट्टीच्या पाण्यात बोरिक आम्ल असतं. कंटेनमेंटमधल्या एअर कूलरवर त्याचा पांढरा थर बसू लागला. कूलर धुतले. पुन्हा बसला, पुन्हा धुतले. १९९९ मध्ये रेडिएशन मॉनिटरचे फिल्टरही बोरिक आम्लाने आणि गंजाने तुंबू लागले, तर ते वारंवार बदलले. मार्च २००२ मध्ये भट्टीच्या झाकणात पोकळी सापडली. सुमारे १५ सेंटिमीटर जाडीचं पोलाद आम्लाने खाल्लं होतं आणि आतल्या दाबासमोर एक सेंटिमीटरपेक्षाही पातळ स्टेनलेस अस्तर उरलं होतं. कूलर त्या काळात गळतीची बातमी देत होते. ते धुणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं, आणि काम पूर्ण झालं म्हणून बातमी पुसली गेली. तुमच्या भट्टीत प्रायमरीत बोरिक आम्ल नाही म्हणून पांढरा थर दिसणार नाही. तुमच्याकडे तेच काम ट्रिटियम करतो.

यावरूनच चिल्लरविषयी माझं मत. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत भट्टीशेजारी मोठा पंखा लावला तर माणसाला बरं वाटतं, पण भट्टीची फुटलेली वीट तशीच राहते. कारण सापडण्याआधी चिल्लर जोडलास तर खोली ४६ वर येईल, तक्रार मिटेल आणि तपासही मिटेल. वर नवी कटकट: कॉइल दवबिंदूच्या खाली गेली की हवेतलं ट्रिटियमयुक्त पाणी तिच्यावर ओघळू लागेल, आणि एरवी ड्रायरकडे जाणारं जड पाणी ड्रेनमध्ये पातळ होऊन मिळेल. जड पाण्याची किंमत तुला माहीत आहे. कारण सापडल्यावर, पुढच्या शटडाउनपर्यंतची सोय म्हणून, रीतसर मंजुरी घेऊन चिल्लर लावायला माझी हरकत नाही.

तसाच दुसरा मोह व्हेंटिलेशन वाढवण्याचा. हवा स्वच्छ भागाकडून दूषित भागाकडेच जायला हवी. ते संतुलन पंप रूमसाठी हलवलं तर ट्रिटियम दुसऱ्या खोलीत निघतो आणि चिमणीतून बाहेर जाणाराही वाढतो. पॉवर उतरवूनही फारसं साधत नाही, कारण लॅगिंगमधून जाणारी उष्णता पाइपाच्या तापमानावर ठरते, आणि पॉवर कमी झाली तरी पाइप २५० च्या आसपास राहतातच. स्टँडबाय कूलर कायम चालू ठेवणं ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटणारी गोष्ट, पण मग स्टँडबाय उरला कुठे? उद्या एक फॅन ट्रिप झाला तर बदली नाही.

आणि अलार्मची मर्यादा वर सरकवायची सूचना येईल. येतेच. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी प्रेशरायझरचा (प्रायमरीचा दाब राखणाऱ्या टाकीचा) रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला. त्याच्या डिस्चार्ज पाइपाचं तापमान चढलेलं दिसत होतं, पण तो व्हॉल्व्ह आधीपासून थोडा गळत असल्याने तो पाइप गरम असतोच अशी सवय झाली होती. दोन तासांहून जास्त वेळ पाणी जात राहिलं. मर्यादा वर नेलीस की सवय कागदावर आली.

साहेबांना पटवताना "तापमान जास्त आहे" एवढं म्हणू नकोस, कशाला बाधा येते ते सांग. काँक्रीटसाठी एएसएमई या अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितेत दीर्घकाळासाठी सर्वसाधारण मर्यादा ६५ अंश आणि स्थानिक ठिकाणी ९३ अंश आहे. ५२ च्या हवेत ती ओलांडलेली नसेल, पण उघड्या पाइपासमोरचा भिंतीचा भाग हवेच्या सरासरीने चालत नाही. केबलचं इन्सुलेशन, सोलेनॉइड व्हॉल्व्हमधलं रबर यांचं आयुष्य ढोबळमानाने दर दहा अंशांना निम्मं होतं. ठरावीक वर्षांसाठी प्रमाणित केलेली केबल सहा अंश जादा तापमानात राहिली तर तिची वर्षं भराभर खर्च होतात, आणि अपघाताच्या वेळी तिच्यात जीव असायला हवा हीच तर त्या प्रमाणपत्राची अट. बॉयलरची पातळी दाबाच्या फरकावरून मोजतात. तिथली पाण्याने भरलेली रेफरन्स लाइन तापली की आतलं पाणी हलकं होतं आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त पातळी दाखवतो. पाणी कमी असताना पुरेसं दिसणं, ही चूक चुकीच्या बाजूची आहे. चौथी गोष्ट, अपघाताची सगळी गणितं कंटेनमेंटच्या एका गृहीत सुरुवातीच्या तापमानापासून केलेली असतात. तुमच्या टेक्निकल स्पेसिफिकेशनमध्ये तो आकडा आहे, आणि ते एईआरबीने, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाने, मंजूर केलेलं असतं. आज त्यापासून किती अंतरावर आहात, ते शिफ्ट इनचार्जला लेखी विचार. तोंडी नको.

आत जावंच लागलं तर हेल्थ फिजिक्सच्या (रेडिएशन सुरक्षा बघणाऱ्या विभागाच्या) परवान्याबरोबर उष्णतेचाही वेळ ठरवून घे. प्लॅस्टिक सूट घालून ५० अंशांत माणूस डोसची मर्यादा येण्याआधी घामाने गळतो, आणि गळलेला माणूस काम अर्धवट टाकून बाहेर येतो. पुन्हा आत, पुन्हा डोस. श्वासाची हवा थंड येते का ते आधी बघ, आणि बाहेर उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात घड्याळ दे.

दुरुस्ती झाल्यावर तेच तेच आकडे पुन्हा घे: तीच पॉवर, तेच प्रोब, तीच जागा, आणि येणारं पाणी शक्यतो तेवढंच गरम असताना. ऑगस्टमध्ये खोली उतरली म्हणून दुरुस्ती यशस्वी म्हणू नकोस, पुढच्या एप्रिल-मेचे आकडे येऊ देत. स्टँडबाय बंद करून बघ, खोली जागच्या जागी राहते का. जेवढे महिने खोली ५२ वर होती तेवढे केबल आणि सोलेनॉइडच्या आयुष्यातून वजा करून घे. हे काम कुणी आपण होऊन करत नाही, म्हणून तूच इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटला पत्र टाक. आणि लॅगिंगच्या पुढच्या कंत्राटात एक कलम घाल: प्रत्येक पॅड बसवल्यावर सांध्याचा फोटो, आणि गरम अवस्थेतली फेरी झाल्याशिवाय शेवटचं बिल नाही.